एका तंतूतून चित्र जात नाही

पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा संपत आला की ‘उपयोग’ या शीर्षकाखाली एक वाक्य हमखास भेटते : ‘याच तत्त्वावर प्रकाशतंतूंच्या साहाय्याने डॉक्टर पोटाच्या आतील भाग पाहतात.’ वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे.

या तत्त्वाने तंतूतून प्रकाश जातो. चित्राचे काय? वाटेत असंख्य परावर्तने होऊन किरणांची सरमिसळ होते आणि साध्या तंतूच्या दुसऱ्या टोकाला कमीअधिक उजळ असा एक ठिपका तेवढा दिसतो. चित्र हवे असेल, तर हजारो तंतूंची जुडी लागते आणि प्रत्येक तंतूचे स्थान दोन्ही टोकांना तेच असावे लागते. लंडनला हॉपकिन्स आणि मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 साली अशाच जुडीतून चित्र पाठवल्याचे प्रसिद्ध केले.

तरीही अडचण उरलीच. उघडे तंतू एकमेकांना टेकले की एकातला प्रकाश दुसऱ्यात झिरपतो. तंतूवर कमी अपवर्तनांकाचे आवरण द्यावे, हा उपाय हॉलंडच्या व्हान हील यांनी त्याच वर्षी मांडला. मिशिगन विद्यापीठातील कर्टिस या विद्यार्थ्याने 1956 मध्ये काचेच्या नळीत काचेची कांडी ठेवून, दोन्ही एकत्र तापवून तंतू ओढला. त्यापासून बनवलेली दुर्बीण 1957 मध्ये डॉ. हिर्शोविट्झ यांनी प्रथम स्वतःच गिळून पाहिली.

आज ते वाक्य आणखी एका कारणाने अपुरे पडते. आताच्या बहुतेक दुर्बिणींच्या टोकाशीच छोटा कॅमेरा असतो आणि चित्र विद्युतसंकेतांच्या रूपाने तारेतून येते. तंतू असतात ते बहुधा आत उजेड नेण्यापुरते. त्या कामाला क्रमाची गरज नसते.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. चौकटीच्या कागदावर ‘क’ रंगवा, चौकोन कापा आणि क्रमाने मांडा. मग तेच चौकोन विस्कटून मांडा. शाई तेवढीच, चौकोनही तेवढेच. अक्षर मात्र गेले.

वाकत्या पाण्याच्या धारेतून प्रकाश नेण्याचा प्रयोग कोलाडॉन यांनी जिनिव्हात 1841 मध्येच दाखवला होता. ‘हे कोणत्या तत्त्वावर चालते?’ हे आपण परीक्षेत विचारतोच. ‘तत्त्व ठाऊक असूनही दुर्बीण व्हायला शंभरावर वर्षे का लागली?’ हेही एकदा विचारून पाहावे.