रेषेची उंची आणि बंद रोहिणी

रुग्णाच्या छातीत दुखते, ई.सी.जी. काढला जातो, त्यात विशेष काही दिसत नाही. आणि काही तासांनी कळते की हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी पूर्ण बंद होती. अशा वेळी दोष नेहमी हलगर्जीपणाचाच असतो असे नाही, तो निकषाचाही असू शकतो. याच प्रश्नावरचे एक संशोधन २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचे गुणदोष आपण पाहू.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातील सूक्ष्म विद्युत बदलांचा आलेख म्हणजे ई.सी.जी. त्यातील चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे आहेत. एस आणि टी यांमधील रेषा ठराविक मर्यादेपेक्षा वर उचलली गेली, की रोहिणी बंद झाली असे धरून ती तातडीने उघडतात. रेषा वर नसेल, तर घाई कमी होते. परंतु रोहिणी आपला नियम पाळून बंद होत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, रेषा न उचललेल्या झटक्यांपैकी सुमारे पाव रुग्णांत दोषी रोहिणी पूर्ण बंद आढळली. हृदयाच्या मागील भिंतीचा झटका तर नेहमीच्या आलेखात रेषा खाली गेलेली दाखवू शकतो.

पिट्सबर्ग विद्यापीठातील सलाह अल-झैती व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ७,३१३ रुग्णांचे आलेख घेऊन संगणकाला शिकवले. एका रेषेची उंची न पाहता आलेखातील अनेक वैशिष्ट्ये एकत्र तोलायची, ही त्यातील कल्पना. काही रुग्णालयांतील आलेखांवर शिकवून परीक्षा इतर ठिकाणच्या आलेखांवर घेतली. वर्गात सोडवलेलीच उदाहरणे परीक्षेत घालू नयेत, हे शिक्षकांना सांगायला नकोच. संगणक अनुभवी डॉक्टरांपेक्षा सरस ठरला. त्याची व प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची सांगड घातली, तेव्हा तीनपैकी एका रुग्णाचे वर्गीकरण सुधारले.

आमच्या मते या संशोधनाचे मोठे यश संगणकात नाही, प्रश्न बदलण्यात आहे. 'रेषा वर आहे का?' याऐवजी 'रोहिणी बंद आहे का?' असे त्यांनी विचारले.

तरीही दोन गोष्टी खटकतात. पहिली, संगणकाचे उत्तर नंतर पडताळले गेले. त्यावर विसंबून रुग्णवाहिकेतूनच निर्णय घेतल्यास जीव वाचतात का, हे या संशोधनातून सिद्ध होत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. छातीदुखी किंवा तत्सम तक्रार ओळखून मदत मागणारेच येथे मोजले गेले. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात पुष्कळदा केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच जाणवते. 'पित्त झाले असेल' म्हणून जो घरीच पडून राहतो, त्याचा आलेख निघतच नाही. तो कोणत्याही यंत्राला वाचता येणार नाही.

विद्यार्थ्यांना एक गणित जरूर घालावे. शंभर रुग्णांत पाचांचीच रोहिणी बंद आहे असे समजा. सर्वांना 'नाही' म्हणणारे यंत्र किती टक्के बरोबर? पंच्याण्णव! आणि त्याने वाचवलेले किती? एकही नाही. 'अचूकता अमुक टक्के' अशी बातमी वाचताना हे उत्तर आठवले, तरी पुष्कळ झाले.