नाद, रेषा आणि यंत्र

चित्रास चौकट असते, मूर्तीस बैठक असते आणि गाण्यास आरंभ व शेवट असतो. कलाकृती कोठे सुरू झाली व कोठे संपली हे रसिकास सांगणारी काही तरी मर्यादा प्रत्येक कला पाळीत आली आहे. अशा स्थितीत एका रिकाम्या खोलीत तीन ध्वनिक्षेपक मांडावे, त्यांतून एका बाईचा साथीवाचूनचा आवाज यावा, आणि ब्रिटनमधील दृश्यकलेचे सर्वांत गाजलेले टर्नर पारितोषिक त्यास मिळावे, हे ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांच्या भिवया वर चढतील. आमच्याही चढल्या होत्या. परंतु स्कॉटलंडात जन्मलेल्या वा तेथे राहून काम करणाऱ्या काही कलावंतांच्या कृतींचा परिचय जसजसा वाढला, तसतसे आम्हांस असे वाटू लागले की, ‘ही कला आहे काय?’ हा प्रश्नच येथे फारसा उपयोगी नाही. कृतीशेजारी लावलेली माहितीची पाटी काढून घेतली तर कानाला व डोळ्याला काय उरते, हा प्रश्न विचारावा. निवाडा आपोआप होतो.

वर सांगितलेली कृती सूझन फिलिप्स ह्यांची. त्या १९६५ साली ग्लासगो येथे जन्मल्या, डंडी येथे शिल्पकला शिकल्या आणि पुढे बर्लिनवासी झाल्या. २०१० साली ग्लासगोच्या कलामहोत्सवात त्यांनी क्लाइड नदीवरील तीन पुलांखाली आपला आवाज ठेविला. बुडून मेलेला प्रियकर अखेरचा निरोप घेण्यास परत येतो, अशा अर्थाचे एक जुने विलापगीत आहे. त्याचे तीन पाठ त्यांनी स्वतः गाइले आणि ते एकमेकांत मिसळतील असे सोडले. त्यांचा गळा तालमीत घडलेला नाही. घरात काम करता करता कोणी गुणगुणावे तसा तो आहे. पण त्या काळोख्या कमानींखाली, जिने एके काळी हजारो जहाजे समुद्रात लोटली त्या नदीच्या काठी, बुडालेल्या माणसाचे गाणे ऐकू आले म्हणजे ते ऐकणाऱ्यास पाटीची गरज काय? बाजारहाट करून घरी निघालेला मनुष्यही क्षणभर थांबेल आणि पाण्याकडे पाहील.

हीच कृती पुढे लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात मांडली गेली, आणि त्याच वर्षीचे पारितोषिक तिला मिळाले. नादाच्या कृतीस ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. मात्र आमचे मत असे की, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ह्या कृतीचा अर्धा प्राण गेला. तेथे आवाज होता, पण त्यास उत्तर देणारे पाणी नव्हते. ओलसर दगड नव्हता. वरून जाणाऱ्या गाडीचा गडगडाट नव्हता. गाणे तेच राहिले, परंतु ते कोणासाठी आहे हे कळेनासे झाले. ह्यात कलावतीचा दोष नाही. तिच्या कलेचे मर्म मात्र ह्यावरून उघड होते. तिचे माध्यम नाद नव्हे, नाद आणि स्थळ ह्यांचा संयोग होय.

केटी पॅटरसन ह्यांची गोष्ट निराळी. ह्याही ग्लासगोच्याच, जन्म १९८१ चा, आणि आता वास्तव्य फाइफ परगण्यात. बीथोव्हेनच्या चंद्रप्रकाशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेचे त्यांनी २००७ साली तारायंत्राच्या मोर्स लिपीत रूपांतर केले, रेडिओच्या लहरींनी ते चंद्राकडे धाडले, आणि जे परत आले ते आपोआप वाजणाऱ्या पियानोवर वाजविले. चंद्राच्या खाचखळग्यांत जे स्वर हरवले त्यांच्या जागी शांतता आहे. कल्पना अशी आहे की ऐकताच मन चकित व्हावे. तथापि आमची कसोटी येथे लावून पाहा. पाटी काढली तर उरतो तो अडखळत वाजणारा पियानो. जे रम्य आहे ते कानात नसून वर्णनात आहे, आणि वर्णन तर ह्या परिच्छेदात वाचकांस घरबसल्या मिळालेच!

ह्याच बाईंची त्याच वर्षीची दुसरी कृती पाहा. आइसलंडमधील तीन हिमनद्यांचा नाद त्यांनी टिपला, त्याच हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याच्या, पुन्हा गोठविलेल्या तबकड्या बनविल्या, त्यांवर तो नाद कोरला, आणि त्या वितळून जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन तास, एकदाच वाजविल्या. येथे सुई बर्फावर घासते. हिमनदीचा नाद कोणता आणि तबकडीच्या झिजण्याचा कोणता हे हळूहळू सांगता येत नाही. शेवटी पाणी राहते. जे नष्ट होत आहे तेच आपल्या नाशाचे वाद्य झाले. ह्यास समजावून सांगणारा कोणी लागत नाही.

रेषेचा प्रश्न हॅना तूलिक्की ह्यांच्या कामात येतो. फिनलंड व इंग्लंड ह्या दोहोंचा वारसा असलेल्या ह्या कलावतीचे शिक्षण ग्लासगोस झाले. २०१४ च्या ऑगस्टात हेब्रिडीज बेटांपैकी कॅना बेटाच्या बंदरात त्यांनी स्त्रियांच्या एका मेळ्याकडून, पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणाऱ्या गेलिक गीतांची गुंफण गाऊन घेतली. हे बेट सहज निवडलेले नाही. जॉन लॉर्न कॅम्बेल ह्यांनी ते १९३८ साली विकत घेतले, पत्नी मार्गारेट फे शॉ ह्यांच्यासह तेथे राहून गेलिक गीतांच्या संग्रहाचे काम चालविले, आणि १९८१ साली बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ह्या संस्थेच्या स्वाधीन केले. त्या प्रदेशात स्त्रिया ओले लोकरी कापड फळीवर आपटीत गात असत. आपल्या जात्यावरच्या ओवीचीच ती बहीण. तूलिक्की ह्यांनी ह्या गायनासाठी पाच ओळींची स्वरलिपी पुरेशी न मानता पक्ष्यांच्या उड्डाणाच्या व लाटांच्या वळणांनी जाणारे चित्रमय आलेख हाताने काढले. गाणारीने ते पाहावे आणि गळा तसा वळवावा.

परक्याने ह्या गीतांस हात लावावा काय, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते परंपरेवरील हक्क जन्माने मिळतो तसा कष्टानेही मिळतो. कोचीच्या २०१६ च्या कलामेळ्यासाठी त्यांनी केरळच्या कूडियाट्टममधील नदीवर्णनाचा अभिनय शिकून त्यावर कृती रचली, त्यातही हा विद्यार्थिभाव दिसतो. आमची तक्रार दुसरी आहे. कॅनाच्या गायनात गळा पक्ष्याच्या इतका जवळ जातो की गेलिक शब्दांतील माणसाचे दुःख मागे पडते. ज्यांची ती मातृभाषा, त्यांस पक्षी भेटतो. आजी मात्र हरवते.

राहिले निव्वळ यंत्र. ग्लासगोनिवासी शार्लट प्रॉजर ह्यांनी ‘ब्रिजिट’ हा बत्तीस मिनिटांचा चित्रपट खिशातल्या आयफोनवर घेतला, आणि २०१८ चे टर्नर पारितोषिक त्यास मिळाले. त्यात एके ठिकाणी फोन त्यांच्या अंगावर टेकलेला आहे आणि श्वासागणिक चित्र वरखाली होते. यंत्र श्वास घेऊ लागले! एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही पुष्कळ चकचकीत यांत्रिक चमत्कार ओवाळून टाकू.

ह्या साऱ्या कृतींत साधन नवे आहे, परंतु ज्या टिकतील त्या साधनामुळे टिकणार नाहीत. ध्वनिक्षेपक बदलतील, आयफोन अडगळीत जाईल. पुलाखालच्या आवाजाने एखाद्या वाटसरूस नदीकडे पाहावयास लाविले, एवढे मात्र त्या वाटसरूपाशी राहील; आणि कलेने ह्याहून अधिक ते काय करावयाचे असते?