अकालजात अर्भकांचा दृष्टिपटलविकार : औषधांच्या तुलनेतील एक दोष

अकालजात अर्भकांच्या दृष्टिपटलविकारावर डोळ्यात टोचावयाच्या औषधांत बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब व अ‍ॅफ्लिबरसेप्ट ही तीन प्रमुख होत. तिन्हींचे कार्य एकच : अपक्व दृष्टिपटलावर विकृत रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या घटकास निष्प्रभ करणे. त्यांच्या यशाचे शेकडा प्रमाण एकाखाली एक मांडून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. ही पद्धत आम्हांस ग्राह्य वाटत नाही.

बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या 'बीट-आरओपी' प्रयोगात 150 अर्भके होती. 0.625 मिलिग्रॅम औषध टोचलेल्या डोळ्यांपैकी 4 टक्क्यांत विकार उलटला. लेसर केलेल्यांत हे प्रमाण 22 टक्के होते. आकडा मोहक खरा, परंतु लाभ निश्चितपणे सिद्ध झाला तो दृष्टिपटलाच्या अगदी मध्यवर्ती क्षेत्रापुरताच. शिवाय निर्णायक मोजणी गर्भधारणेच्या काळासह धरलेल्या वयाच्या 54 आठवड्यांपर्यंतची होती. लेसरनंतर विकार उलटण्यास सरासरी 6 आठवडे लागले, तर औषधानंतर 16. म्हणजे उशिरा उलटणाऱ्या बाजूची वही लवकर मिटली, असे म्हणणे भाग आहे.

2019 मधील 'रेनबो' प्रयोगात 225 अर्भके घेतली गेली. 0.2 मिलिग्रॅम रॅनिबिझुमॅबला 80 टक्के, 0.1 मिलिग्रॅमला 75 व लेसरला 66 टक्के यश मिळाले. येथे त्याच औषधाची सुई पुन्हा दिली तरी ते अपयश गणले जात नव्हते; 'बीट-आरओपी'त मात्र विकार उलटून पुन्हा उपचार करावा लागणे हेच अपयश. तेव्हा 4 आणि 80 हे आकडे एका तराजूत कसे घालावेत? 2022 च्या 'फायरफ्लाय' प्रयोगात अ‍ॅफ्लिबरसेप्टला 85.5 टक्के, लेसरला 82.1 टक्के यश आले. तरीही औषध लेसरहून कमी प्रतीचे नाही, हे ठरलेल्या कसोटीवर सिद्ध झाले नाही. मौज अशी की मापदंड म्हणून घेतलेला लेसरच एका ठिकाणी 66 व दुसऱ्या ठिकाणी 82 दाखवितो. गजच असा लहानमोठा होत असेल, तर त्याने मोजलेल्या कापडांची लांबी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

खरा पेच रक्तातील औषधाचा आहे. बेव्हॅसिझुमॅब हे संपूर्ण प्रतिपिंड असल्याने ते रक्तात कित्येक आठवडे टिकते. रॅनिबिझुमॅब हा प्रतिपिंडाचा खंड असून लवकर निघून जातो. दबला जाणारा घटक फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांच्या वाढीसही लागतो. दूरगामी हानी आहे की नाही, हे ठरविण्याइतके वरील प्रयोग मोठे नव्हते. अमेरिकेतील प्राथमिक अभ्यासात 0.031 मिलिग्रॅम, म्हणजे जुन्या मात्रेचा विसावा भागही, गुणकारी दिसला. या दिशेकडे अधिक लक्ष जावयास हवे होते.

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. येथे पाश्चात्त्य देशांतील अर्भकांहून वजनाने व वयाने मोठी अर्भकेही या विकारास बळी पडतात. म्हणून 2000 ग्रॅमपर्यंतच्या किंवा 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकांची तपासणी करावी लागते. सुई टोचली की काम संपत नाही. दृष्टिपटलाचा कडेचा भाग रक्तवाहिन्यांविना राहू शकतो व काही महिने वारंवार तपासावा लागतो. मूल घेऊन खेड्यात परतलेली आई पुढील तपासणीस न आल्यास, काही आठवड्यांपूर्वी यशस्वी म्हणून नोंदलेला डोळा कायमचा जाऊ शकतो. प्रयोगांच्या कोष्टकांत हा रकाना आढळत नाही, आणि आपल्याकडील अभ्यासकाने प्रथम तोच आखावयास हवा.