स्कोबीचा न्यायनिवाडा

ग्रॅहम ग्रीन यांची ‘द हार्ट ऑफ द मॅटर’ ही कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कॅथलिक वाचकांत मोठे वादंग माजले. युद्धकाळात पश्चिम आफ्रिकेतील एका ब्रिटिश वसाहतीत पोलीस अधिकारी असलेला स्कोबी हा तिचा नायक. तो परस्त्रीशी संबंध ठेवतो, पापक्षमा न मिळताच पत्नीच्या समाधानासाठी ख्रिस्तप्रसाद घेतो आणि अखेर हृदयविकाराचे सोंग करून गोळ्यांनी जीवन संपवतो. एव्हलिन वॉ या कॅथलिक लेखकानेही कादंबरीतील ईशज्ञानावर कडक टीका केली.

शेवटी स्कोबीची विधवा लुईझ, पतीने आपला आत्मा गमावला, अशी खात्री फादर रँक यांच्याजवळ बोलून दाखवते. फादर संतापतात. ख्रिस्तसभेला नियम ठाऊक आहेत, परंतु एकेका अंतःकरणात काय घडते ते ठाऊक नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. यात धर्मसिद्धान्ताशी विसंगत काही नाही. आत्महत्या करणाऱ्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. १९१७च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३च्या संहितेतून तो निर्बंध गेला. अशा घरच्या मिस्सेला जावे की न जावे, ही ओट्यावरची कुजबुज मात्र अजून सरलेली नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. स्कोबीचे मन ग्रीन इतके उलगडून दाखवतात, की वाचक त्याला निर्दोष ठरवून मोकळा होतो. निर्दोष ठरवणे हाही निवाडाच, आणि तो देताना अली विसरला जातो. वर्षानुवर्षे इमानाने सेवा केलेल्या या नोकराविषयीचा संशय स्कोबी युसेफ या व्यापाऱ्याजवळ बोलतो, आणि अलीचा खून होतो. अलीच्या मनात आपल्याला एकदाही प्रवेश मिळत नाही. त्याची बाजू घ्यायची तर स्कोबीच्या कृत्याला पाप म्हणावेच लागते. स्कोबीची दया ही जवळजवळ राक्षसी अहंकाराचे रूप असू शकते, हेच दाखवायचे होते, असे पुढे ग्रीन यांनीच लिहिले. वाचकांनी त्याला संतपदाजवळ नेऊन बसवले, हा कादंबरीचा दोष की वाचकांचा, हे ठरवणे कठीण आहे.

दोषारोप करू नका, असे प्रभू मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सांगतो. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, अपराधी भावाला एकांतात गाठून त्याचा अपराध दाखवण्यास तोच सांगतो. लुईझच्या बाबतीत समीक्षकांचे सहसा इकडे लक्ष जात नाही. पतीच्या संबंधांविषयी तिला पत्राने कळले होते. त्यासाठीच ती परतली होती. परतल्यावर तिने त्याला एकांतात एका शब्दाने विचारले नाही. आपल्याबरोबर ख्रिस्तप्रसादाला चल, असा आग्रह मात्र धरला.