सोळा एप्रिलचा फळा

मराठी शाळेच्या परिपाठात तीन गोष्टी ठरलेल्या असतात: एक नवा शब्द, सामान्यज्ञानाचा एक प्रश्न आणि दिनविशेष. बहुसंख्य मुलांची इतिहासाशी रोजची भेट इथेच होते. म्हणून या सदराकडे मी वाङ्मयप्रकार म्हणून पाहतो आणि त्याची परीक्षाही तशीच करतो. त्यासाठी मुळशी तालुका आणि १६ एप्रिल ही तारीख घेतो.

माझ्या पाहण्यातल्या दिनविशेषांत या तारखेला पहिला मान असतो तो १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या आगगाडीचा. त्यानंतर १८८९ साली जन्मलेला चार्ली चॅप्लिन. १९२१ साली याच दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला, ही नोंद क्वचितच दिसते. आणि दिसली तरी एका ओळीत संपते. सेनापती बापटांचा जन्म (१२ नोव्हेंबर १८८०) आणि मृत्यू (२८ नोव्हेंबर १९६७) मात्र सहसा चुकत नाहीत.

हा दोष निष्काळजीपणाचा नाही, रचनेचा आहे. दिनविशेषाला एक तारीख आणि एक नाव लागते. मुळशीचा लढा १९२४ पर्यंत रेंगाळला. पुण्यातल्या अनेक सावकार-जमीनदारांना मोबदला चालणार होता; कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती. लढा हरला, धरण झाले. ज्या दिवशी एखाद्या कुटुंबाने आपले घर सोडले, त्या दिवसाची नोंद दिनविशेषात कोण करणार? शिवाय सत्याग्रहाचा मुहूर्त रामनवमीचा होता. तिथी दरवर्षी सरकते, दिनविशेष मात्र इंग्रजी तारखेला खिळलेला. २०२५ साली रामनवमी ६ एप्रिललाच येऊन गेली.

तरीही हे सदर बंद करावे असे मी म्हणणार नाही. त्याचे तीन तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे. त्या दिवशीचा शब्द 'पेटा' असू द्या: तालुक्याचा पोटविभाग. जुन्या कागदांत 'मुळशी पेटा' असाच उल्लेख येतो. सामान्यज्ञानाचा प्रश्न असू द्या: मुळा नदी पूर्वेला वाहते, मग मुळशी धरणाचे पाणी पश्चिमेला कोकणात कसे जाते? उत्तर: टाटा कंपनीने ते बोगद्यातून घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्रात सोडले, वीज मुंबईसाठी हवी होती. मग दिनविशेष लिहा: १९२१, मुळशी सत्याग्रहास प्रारंभ.

आता ती ओळ एकटी राहत नाही. वीज कोणाला आणि जमीन कोणाची, हे पोर आपणहून विचारते. राजेंद्र व्होरांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. ज्या मुलांच्या पणजोबांची शेते त्या पाण्याखाली आहेत, त्यांच्या फळ्यावर आगगाडी जरूर असावी. पण तिच्याखाली आणखी चार ओळींची जागा असते.