नंदू, वेलची आणि आजीची मशेरी

सिनेमाआधीचा नंदू तुम्हाला आठवत असेल. इस्पितळाबाहेर सिगरेट ओढणाऱ्या नंदूला अक्षयकुमार समजावतो की या पैशांत बायकोसाठी सॅनिटरी पॅड आलं असतं. ही सरकारी जाहिरात २०१८ची. एप्रिल २०२२मध्ये हाच अक्षयकुमार 'विमल' वेलचीच्या जाहिरातीत दिसला आणि लोकांनी झोडपल्यावर माफी मागून बाहेर पडला. त्या ढोंगावर तेव्हा पुष्कळ लिहून झालं. मला रस आहे तो दोन्ही जाहिरातींच्या बोलण्याच्या तऱ्हेत.

नंदूला नाव आहे, बायको आहे आणि चूक आहे. खुर्चीत बसलेले आपण सगळे नंदूच, हे सरकारने गृहीत धरलंय. वेलचीवाला असं काही म्हणत नाही. तिथे दोन नट तिसऱ्याचं स्वागत करतात, बस्स. तंबाखूची जाहिरात २००३च्या कायद्याने बंद, म्हणून वेलची. नाव मात्र पानमसाल्याच्या पुडीवरचंच. काही घे असं कुणी सांगत नाही, आमच्यात ये एवढंच सुचवतात.

मी ॲप बनवतो. 'हो'चं बटण गडद आणि 'नको'चं फिकट राखाडी, हे उद्योग मी स्वतःच्या हाताने केलेत. त्यामुळे वेलचीची भाषा मला घरची वाटते, आणि सरकारी उपदेशाला मी वर्षानुवर्षं हसत आलो. आता तेवढं हसवत नाही. सरकार निदान तोंडावर सांगतं की तुला बदलायचंय. माझं बटण ते कधीच सांगत नाही.

दहिवलीला घरी गेलो की हीसुद्धा मांडणी लंगडी पडते. आजी तव्यावर तंबाखू भाजते, चुरते आणि बोटाने दातांना मशेरी लावते. घरभर ठसका. ही सवय तिला सासूने लावली, कुठल्या नटाने नाही. राज्याने २०१२ला गुटखा बंद केला, त्याचा तिला संबंध नाही. २०१६पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आला, पण तिची पानं सुटी, कागदात बांधून येतात. थिएटरात ती शेवटची कधी गेली, तिलाच आठवत नाही.

दिवाळीत तिच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसला. मी फोनवर नंदू लावून दिला. तिने शेवटपर्यंत पाहिलं.

"हा तर बाप्यांना सांगतोय."

खरंच की. त्या जाहिरातीत बाई आहे ती फक्त पॅड आणून देण्यापुरती. तिच्या तोंडात तंबाखू असेल, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही. मी इतक्यांदा पाहून माझ्याही नाही.

डॉक्टरकडे यायला ती तयार झाली. रिक्षात बसताना मशेरीची डबी कमरेला खोचलेली होती.