छोटे मैदान आणि अपुरा वेग

शाळांमधून फुटबॉल शिकवण्याची एक पद्धत आता चांगलीच रुळली आहे. अकरा-अकरांचा पूर्ण सामना खेळवण्याऐवजी तीन-तीन, चार-चार किंवा पाच-पाच मुलांचे संघ करायचे, चुन्याने आखूड मैदान आखायचे, दोन्ही टोकांना दगड किंवा दप्तरे ठेवून गोल करायचे आणि दहा-दहा मिनिटांचे डाव खेळवायचे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्यातले काही सामने नवी मुंबईतही झाले. त्या निमित्ताने, १५ सप्टेंबर २०१७ रोजी एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा, असे उद्दिष्ट राज्य शासनाने ठेवले होते. चेंडू शाळेत आला, पण मैदान काही मोठे झाले नाही. त्यामुळे छोट्या मैदानावरचा खेळ ही अनेक शाळांची सोयही आहे आणि गरजही.

या पद्धतीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या नावाने केल्या जाणाऱ्या एका दाव्याविषयी. दावा असा, की 'या खेळातच सारे काही येते. दमश्वास, चेंडूवरचा ताबा, चपळाई आणि वेगही. निराळे धावायला लावण्याची गरज नाही.' यातल्या पहिल्या तीन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. चौथी खरी नाही, आणि ती का खरी नाही हे नववीच्या 'गतीचे नियम' या पाठाच्या आधारे वर्गात दाखवता येते.

आधी या खेळाचे श्रेय त्याला देऊ. पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरले, तर त्याचे क्षेत्रफळ ७१४० चौरस मीटर होते. बावीस खेळाडूंत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर येतात. ३० मीटर बाय २५ मीटरच्या मैदानावर आठ मुले खेळली, तर प्रत्येकाला ९४ चौरस मीटरही मिळत नाहीत. गर्दी वाढली की चेंडू वारंवार पायाशी येतो, निर्णय झटपट घ्यावे लागतात आणि कोपऱ्यात नुसते उभे राहणारे मूल उरत नाही. नाडीचे ठोकेही भरपूर वाढतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीन फुटबॉलपटूंचे दोन गट केले होते. एक गट नुसता धावला, दुसरा छोट्या मैदानावर खेळला. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांचा दमश्वास जवळजवळ सारखाच सुधारला. म्हणजे दम कमावण्यासाठी मुलांना मैदानाला कंटाळवाण्या फेऱ्या मारायला लावलेच पाहिजे असे नाही. एवढे श्रेय निःसंशय.

आता वेगाकडे वळू. आपण बोलताना 'वेगवान मुलगा' म्हणतो तेव्हा दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक, जागेवरून झटकन सुटणे, म्हणजे त्वरण. दुसरी, पूर्ण भरात आल्यावर गाठलेला सर्वांत जास्त वेग. म्हणजे कमाल वेग. या दोन गोष्टी एकाच मुलात असतीलच असे नाही.

या दोहोंचा संबंध काय, हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच मोजले गेले आहे. स्नायूंवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूच्या अंगावर चुंबक बांधला आणि धावपट्टीच्या कडेने तारेची वेटोळी ठेवली. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला की त्यात क्षणभर वीजप्रवाह निर्माण होई आणि ती वेळ नोंदली जाई. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले ते असे: सुरुवातीला वेग भराभर वाढतो, मग वाढ मंदावते आणि अखेर वेग एका मर्यादेला टेकतो. मर्यादा गाठायला वेळ लागतो, आणि त्या वेळात अंतर कापावे लागते.

उदाहरणादाखल चौदा वर्षांचा एक सर्वसाधारण मुलगा घेऊ. त्याचा कमाल वेग सेकंदाला ७.५ मीटर माना. हिल यांच्या सूत्रात नेहमीच्या प्रकारचे आकडे घालून हिशोब केला, तर जागेवरून सुटल्यावर ५ मीटरवर तो कमाल वेगाच्या सुमारे ७४ टक्के, १० मीटरवर ८८ टक्के, २० मीटरवर ९७ टक्के आणि ३० मीटरवर ९९ टक्के वेगाने धावत असेल. म्हणजे खऱ्या अर्थाने भरधाव व्हायला त्याला निदान २० ते ३० मीटर मोकळी सरळ वाट हवी. उसेन बोल्टसारख्याला तर याहून जास्त लागते. २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम करताना त्याचा सर्वांत जलद टप्पा ६० ते ८० मीटरांचा होता. ते २० मीटर त्याने १.६१ सेकंदांत कापले.

आता आपला मुलगा ३० बाय २५ मीटरच्या मैदानात उभा करू. तो मध्यावर आहे आणि समोरच्या गोलाकडे सुटतो. त्याच्यापुढे १५ मीटर आहेत. पण सारे १५ मीटर वेग घेण्यासाठी नाहीत, कारण पुढे शाळेची भिंत किंवा कुंपण आहे. सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने जाणारा मुलगा सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करत थांबला, तर थांबायलाच त्याला ५ मीटरांहून थोडे अधिक अंतर लागते. उरले जेमतेम १० मीटर. म्हणजे जास्तीत जास्त ८८ टक्के. वाटेत प्रतिस्पर्धी आडवा आला, चेंडू वळला किंवा सोबत्याने हाक मारली, की तेही नाही. खेळाडू आधीच हळू पळत असेल तर अंतर थोडे कमी पुरते हे खरे, पण मूळ अडचण तशीच राहते. खेळाडूंच्या पाठीवर उपग्रहाधारित यंत्रे बांधून केलेल्या मोजण्यांतही हेच आढळते: छोट्या मैदानावर सुटणे, थांबणे आणि वळणे पुष्कळ होते; कमाल वेगाच्या जवळपासची धाव क्वचितच दिसते.

यात खेळाचा दोष नाही. छोटे मैदान त्वरणाची तालीम देते, ती चांगली देते. दोष आहे तो त्वरणाच्या तालमीला वेगाची तालीम म्हणण्यात. त्यात दमणुकीची भर पडते. पूर्ण ताकदीच्या धावेसाठी स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाच्या साठ्यातून ऊर्जा घेतात. हा साठा सुमारे मिनिटभरात निम्मा भरून येतो, पण जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. सलग खेळात एवढी उसंत नसते. मूल दमलेल्या अंगाने अर्ध्या वेगाच्या धावा घेत राहते, आणि घामाघूम झालेले पाहून आपल्याला वाटते, आज वेगाचा भरपूर सराव झाला.

असा घोटाळा झाला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बरेच बिघडते.

पहिले, सामन्यात नेमकी हीच धाव लागते. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेतील २००७-०८ च्या हंगामातले ३६० गोल चित्रफितींवरून तपासले गेले. गोल करणाऱ्या खेळाडूने गोलाआधी केलेल्या जोरकस हालचालींत सर्वांत जास्त आढळली ती सरळ रेषेतली सुसाट धाव. सुमारे ४५ टक्के गोलांत ती होती, आणि बहुतेक वेळा पायाशी चेंडू नसतानाच.

दुसरे, दुखापत. मांडीमागचा स्नायू दुखावण्याचे प्रकार फुटबॉलमध्ये मुख्यतः जोराने धावताना घडतात. पाय पुढे फेकला गेला असता हा स्नायू ताणलेल्या स्थितीत जोर लावत असतो, आणि हा ताण कमाल वेगाला सर्वांत जास्त असतो. सरावात कधीच पूर्ण वेगाने न धावलेल्या मुलाला आंतरशालेय सामन्यात एकदम तसे धावायला लावणे, म्हणजे न शिकवलेल्या धड्यावर परीक्षा घेणे आहे. आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलच्या खेळाडूंवरील २०१७ च्या एका अभ्यासात, सरावात अधूनमधून कमाल वेगाजवळ धावणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचे दिसले. अतिरेक मात्र तिथेही बाधकच ठरला. ते खेळाडू प्रौढ होते, त्यामुळे निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावू नये. पण दिशा कळण्यास तो पुरेसा आहे.

तिसरे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छोट्या मैदानावर संघ निवडला, तर निवड कोणाची होते? पहिल्या पाच मीटरांत सुटणाऱ्या, बुटक्या, चपळ मुलाची. लांब ढांगांचे, सुटायला थोडे जड पण तीस मीटरनंतर कोणालाही न सापडणारे मूल तिथे मंदच दिसते. त्या मुलाला किंवा मुलीला 'तुझ्यात वेग नाही' असे आपण सांगून बसतो. वास्तविक वेग नसतो तो मैदानात.

नाशकात हा विचार करण्याला एक खास कारण आहे. या जिल्ह्याने देशाला लांब पल्ल्याच्या धावपटू दिल्या. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. त्यांच्याविषयी आपल्याला अभिमान आहेच. पण या परंपरेमुळे आपली नजर दम ओळखायला सरावली आहे. वेग ओळखायला तितकी नाही. आपला दुसरा लाडका खेळ खो-खो. त्याच्या दोन खांबांमधले अंतर सुमारे २४ मीटर असले, तरी खो देत-घेत पाठलाग तुकड्यातुकड्यांनी होतो. म्हणजे खो-खोही मुख्यतः सुटण्याचा, झुकांडीचा आणि झेपावण्याचा खेळ. जुन्या नाशकातल्या दाट वस्तीतील शाळेतले मूल खो-खो आणि चार-चारांचा फुटबॉल दोन्ही खेळते, आणि तरीही आठवडेच्या आठवडे पूर्ण वेगाने एकदाही धावत नाही, हे सहज शक्य आहे.

उपाय खर्चाचा नाही. क्षेत्रफळ तेच ठेवून मैदानाचा आकार बदलता येतो. ३० गुणिले २५ आणि ५० गुणिले १५, दोन्हींचे उत्तर ७५०. पण दुसऱ्या पट्टीत समोर जास्त लांब वाट मोकळी होते. आवारात तेवढी लांबी नसेल, तर आठवड्यातून एकदा-दोनदा मुलांना जवळच्या मोठ्या मैदानावर न्यावे. अंग नीट गरम करून, दमण्यापूर्वी, ३० मीटरच्या चार ते सहा धावा द्याव्यात. दोन धावांमध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती आणि शेवटी थांबायला ऐसपैस जागा असावी. ओळीत उभे राहण्याचा कंटाळा येत असेल, तर एकाला दोन मीटर पुढे ठेवून दुसऱ्याने पाठलाग करावा. पकडापकडीला कोणते मूल नाही म्हणते? बारा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढत असते, तेव्हा एका धावेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे.

आणि मोजावे. पन्नास मीटरची धाव शारीरिक क्षमतेच्या चाचणीत आपण घेतोच. पण तिच्यातून मिळते ती सरासरी चाल. वरच्या उदाहरणातला मुलगा ५० मीटर सुमारे ७.८ सेकंदांत धावेल. सरासरी येईल ६.४, आणि त्याचा ७.५ चा कमाल वेग त्या आकड्यात दडून राहील. त्याऐवजी २० आणि ३० मीटरवर काठ्या रोवाव्यात आणि मधल्या १० मीटरांची वेळ घ्यावी. हाताने घड्याळ दाबताना दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते, आणि सुमारे १.३६ सेकंदांच्या मोजमापात ती फार मोठी आहे. मोबाईलवर चित्रण करून चौकटी मोजल्या, तर सेकंदाला तीस चौकटींच्या हिशोबाने एका चौकटीची चूक ०.०३ सेकंदांच्या आसपास राहते. चित्रण करणाऱ्याने धावरेषेपासून दूर, दोन काठ्यांच्या मध्यासमोर उभे राहावे.

तेच चित्रण चार-चारांच्या खेळाचेही करावे आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. आमचे म्हणणे चूक असेल तर ते तिथेच उघडे पडेल. बरोबर असेल, तर 'मंद' म्हणून बाजूला बसवलेल्या एखाद्या मुलाचे नाव त्या फळ्यावर सर्वांत वर दिसेल.